मुराळी विमानानं निघाला

विमानतळाच्या दारासमोरच्या फरशीवर आप्पाराव फतकल मारून बसले होते आणि गोधडीची शिवण दातानं उसवत होते. येणारी-जाणारी माणसं चाकांच्या बॅगा ओढत त्यांना वळसा घालून जात होती. दारावरच्या जवानानं तिकीट मागितलं, एवढाच काय तो त्याचा गुन्हा. तिकीट टॅबमध्ये, टॅब गोधडीत, आणि गोधडीला झुंबरबाईची शिवण. दुहेरी दोरा, वरून मेण लावलेला. आप्पारावांच्या तोंडात दहा दात उरले होते, त्यातले समोरासमोर येणारे दोनच. त्या दोन दातांवर सगळा कारभार चालला होता.

"ह्या बाईनं माझा जीव घ्यायचाच ठरवलाय," दोरा थुंकत ते म्हणाले.

जवान जवळ आला. "बाबा, अंदर क्या है?"

"टॅब है साब. मालकीणने सिलाई मार के दियेला है."

"टॅब को सिलाई? क्यों?"

आता ह्याला काय सांगायचं, आणि कुठून सांगायचं? आप्पारावांनी नुसता हात हलवला आणि पुन्हा दोऱ्याला दात लावला. पण आपल्याला सांगायला हरकत नाही.

देवगाव फाट्यापासून कोसभर आत त्यांचं गाव. अडीच एकर रान, तेही कोरडवाहू. तेव्हा दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर यायचा आणि नवरा-बायको ऊसतोडीला निघायची. अशी वीस वर्षं. कारखान्याच्या माळावर पाचटाची कोप घालायची, तिला ना दार ना कुलूप. मग चार मोलाच्या वस्तू ठेवायच्या कुठं? टोळीतल्या सगळ्या बायकांची एकच रीत होती. गोधडीचा एक कोपरा उसवायचा, वस्तू आत सारायची, वरून बारीक टाके घालायचे आणि ती गोधडी डोक्याखाली घेऊन झोपायचं. झुंबरबाईच्या गोधडीत डोरलं असायचं, रेशनकार्ड असायचं, आणि शिवकन्येची प्रगतिपुस्तकं असायची. वीस वर्षांत सुई हरवली नाही. गुडघे गेले तशी ऊसतोड सुटली, रानात बोअर लागला, पण बाईचा हात काही सुटला नाही. काल संध्याकाळी आप्पाराव पिशवी भरायला बसले तर टॅब जाग्यावर नाही.

"अगं, टॅब कुठं गेला?"

"शिवला."

"शिवला म्हंजे?"

"गोधडीत शिवला. इमानात काय चोर नसतेत का? माणसंच बसतेत ना तिथं?"

"अगं येडे, तिकीट हाय त्याच्यात!"

"मग तर लय चांगलं झालं. तिकीट बी हरवायचं न्हाई."

पोरगा पप्पू हसून हसून लोळला आणि म्हणाला, राहू द्या आप्पा, विमानतळावर काढा. सकाळी सेलूला रेल्वेत बसवताना त्याला तिकिटाचा कागद मागितला, तर कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "आता कागद लागत न्हाई आप्पा, जमाना बदलला." जमाना बदलला, पण दात तेच राहिले ना! आप्पारावांनी शेवटचा टाका कडकन तोडला आणि त्या भोकात हात घालून टॅब ओढून काढला. त्याला कापसाची बुरं चिकटलेली होती.

ह्या टॅबनं चार वर्षांत त्यांचं डोकं फिरवून ठेवलं होतं. त्याची सगळी हकिकत नागपंचमीपाशी जाते.

आपल्याकडं लग्न झालेली लेक पंचमीला माहेरी येते, पण आपल्या पायानं येत नसते. तिला आणायला मुराळी जावा लागतो. भाऊ जावा, बाप जावा, कुणी नसेल तर चुलता जावा. त्यानं साडी-बांगड्या न्याव्यात, लाह्यांची शिदोरी न्यावी, सासरच्या दारात बसावं आणि म्हणावं, लेकीला न्यायला आलोय. मग सासरचे धाडतात, आणि लेक मान वर करून निघते. शिवकन्येचं लग्न झालं ते बंगलोरला कंपनीत काम करणाऱ्या बालाजीशी. तीही तिथंच दुसऱ्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसते. लग्नानंतरची पहिली पंचमी आली. आप्पारावांची खुरपणी चालली होती, पप्पूला आडत दुकानातून सुट्टी नव्हती. आप्पारावांनी फोन लावला आणि म्हणाले, "दोघं बी या की गाडीनं. रस्ता म्हाईतच हाय तुमाला."

शिवकन्या "बघते" म्हणाली. आली नाही. पुढच्या महिन्यात खोक्यातून हा टॅब आला.

मग सुरू झाले टॅबवरचे सण. सणाच्या दिवशी पप्पू सेलूहून यायचा, टॅब चार्जिंगला लावायचा, दिवळीत पितळी डब्याला टेकवून उभा करायचा आणि त्यात शिवकन्या यायची. राखीला पप्पू स्वतःच्या हातानं स्वतःला राखी बांधायचा आणि मनगट काचेला दाखवायचा. दिवाळीला झुंबरबाई काचेला ओवाळायची. बरं, झुंबरबाईला लेक दिसली की हात आवरायचा नाही. ती गालावरून हात फिरवायला जायची, बोट नेमकं लाल बटणावर पडायचं आणि शिवकन्या गुल! मग पप्पू ओरडायचा, आप्पाराव ओरडायचे, आणि झुंबरबाई अपराध्यासारखी हात पदरात लपवून बसायची. सण संपला की टॅब बंद. झुंबरबाई त्याला जुन्या परकरात गुंडाळून लोखंडी ट्रंकेत ठेवायची, वरून कुलूप लावायची. धूळ बसू नये, उंदरानं कुरतडू नये.

हे सगळं आप्पारावांनी दात-ओठ खात चालू दिलं. पण गेल्या पंचमीला हद्द झाली. अंगणातल्या लिंबाला झोका बांधला होता. शिवकन्या टॅबमधून म्हणाली, झोका दाखव रे पप्पू. तर ह्या शहाण्यानं काय करावं? टॅब उचलला, झोक्याच्या पाटावर ठेवला, टॉवेलनं आवळून बांधला आणि दिला की हो झोका! टॅब वर चाललाय, खाली यायलाय. शेजारच्या बायका पदराआड हसायल्यात. आतून शिवकन्येचं खिदळणं ऐकू यायलंय. मग ते खिदळणं थांबलं. पाट हेलकावे खात राहिला आणि टॅबमधून आवाजच येईना. पप्पू म्हणाला, नेट गेलं वाटतं.

आप्पारावांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "सोड ते!" ते ओरडले. "लेक हाय का मूर्ती हाय ती? पाटावर बसवून झोका द्यायलाव!"

त्या रात्री झुंबरबाई जेवली नाही. "मला ह्याच्यात लेक दिसतच न्हाई," ती म्हणाली. "हात लावला की जाती. मी तीन वर्षं सांगायले, तिला न्यायला कुणीतरी जा. तुमी न्यायला गेलाव का कदी? लहानपणी बी न्हाई गेलाव."

ते शेवटचं वाक्य आप्पारावांना बाभळीच्या काट्यासारखं रुतलं, आणि पुढं वर्षभर चालताना टोचत राहिलं.

म्हणून यंदा त्यांनी ठरवलं. मुराळी म्हणून स्वतः जायचं. जायला दोन आणि यायला दोन दिवस रेल्वेत घालवायचे तर तिकडं पंचमी होऊन जाईल, म्हणून विमान. आणि हे डबडं बरोबर न्यायचं, लेकीच्या पुढ्यात टाकायचं आणि म्हणायचं, हे घे तुझं माहेर, माझ्या घरात ह्याला जागा न्हाई. लेकीला जागा हाय, चल. एवढं भाषण त्यांनी खुरपताना घोकून ठेवलं होतं. ती नाही म्हणाली तर काय, ह्याचा विचार त्यांनी केला नव्हता, करायची हिंमतच नव्हती. हात हलवत परत आलेला मुराळी गावात तोंड कुठं दाखवणार? आणि गावाचं सोडा, झुंबरबाईनं ते निघायच्या आधीच लिंबाला दोर बांधून ठेवला होता.

दारातून आत गेले तर पुढं दुसरा जवान. "टॅब अलग ट्रे में रखो."

"अभी तो निकाला साब!"

"ट्रे में रखो."

गोधडी एका ट्रेमध्ये, टॅब दुसऱ्या ट्रेमध्ये, लाह्यांचा डबा तिसऱ्या ट्रेमध्ये. स्वतः चौकटीतून गेले तर ती चौकट बोंबलायला लागली. कमरेचा चांदीचा करदोडा! लग्नापासून अंगावरून उतरला नव्हता. शर्ट वर करून दाखवावा लागला, मागं उभ्या असलेल्या चार पोरी दुसरीकडं बघायला लागल्या. तेवढ्यात पलीकडून ओरड आली, गोधडीत काही तरी टोकदार दिसतंय. झुंबरबाईनं सुई गोधडीतच टोचून ठेवली होती, परत शिवायला लागली तर असावी म्हणून. आप्पारावांनी कपाळावर हात मारून घेतला. ती सुई तिथंच ठेवून ते पुढं निघाले.

विमानात त्यांची जागा मधली. खिडकीशी चाळिशीतली एक बाई बसली होती. आप्पाराव गोधडी मांडीवर घेऊन, टॅब छातीशी धरून, "काय ही कटकट, काय ही कटकट" असं पुटपुटत आत शिरले तशी ती हसली.

"कोणतं गाव, काका?"

आप्पारावांनी चमकून पाहिलं. "देवगाव फाट्याकडचं. तुमी?"

"मी पिंगळीची. धम्मशीला. बंगलोरला नर्स हाय दवाखान्यात."

आप्पारावांना एवढं बरं वाटलं की त्यांनी लगेच आपली सगळी भडास तिच्यापुढं ओतायला सुरुवात केली. सुई झाली, करदोडा झाला, पप्पूचा जमाना झाला, आणि एवढ्यात तो टॅब वाजायला लागला. मोठ्यानं, सनई-चौघड्यासकट, रिंगटोन पप्पूनं लावलेली. विमान हलायला लागलं होतं. समोरून विमानातली पोरगी लगबगीनं आली आणि इंग्रजी-हिंदीत बरंच काही बोलली. आप्पाराव काचेवर बोटं मारत सुटले. कुठं दाबलं तर आवाज वाढला. अजून कुठं दाबलं तर कॅमेरा सुरू झाला आणि त्यांना त्यांचंच घामेजलेलं तोंड दिसायला लागलं.

"कुणाचा फोन व्हता?" चौघडा थांबल्यावर त्यांनी विचारलं.

"शिवकन्या असं आलतं," धम्मशीला म्हणाली. तिनं टॅब हातात घेतला, वरून बोट ओढलं आणि एका चित्रावर टेकवलं. "आता लागणार न्हाई. विमानात हे विमानाचं चित्र दाबावं लागतं, म्हंजे फोन बंद."

"फोन बंद करायचा तर मग एवढं सांभाळून आणला कशाला मी?"

"घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झालीत. जेवायच्या सुट्टीत लावला असंल त्यांनी."

आप्पारावांनी टॅब परत घेतला. विमान पळायला लागलं, कान बंद झाले, आणि जमीन सुटली. त्यांनी ते पाहिलंच नाही. डोळे मिटून ते करदोडा घट्ट धरून बसले होते. डोळे उघडले तेव्हा खाली ढग होते आणि मांडीवरच्या काचेवर एक लाल आकडा होता.

हा लाल आकडा त्यांच्या चांगला ओळखीचा होता. सणासुदीला पप्पू टॅब काढायचा तेव्हा हिरव्या चौकोनाच्या कोपऱ्यात तो बसलेला असायचा, आणि दर सणाला वाढलेला असायचा. एकदा त्यांनी विचारलंही होतं. "काही न्हाई आप्पा, तसंच असतं ते," पप्पू म्हणाला होता. पप्पूला सगळंच तसंच असतं. एरवी आप्पारावांनी पुन्हा विचारलं नसतं, पण इथं दोन तास दुसरं करायचं काय?

"ताई, हे लाल काय असतं वो?"

धम्मशीलानं बोट लावलं. एक लांबच लांब यादी उघडली. ती वाचायला लागली आणि वाचता वाचता तिचा आवाज उतरला.

"काका, ह्या मिस कॉल हायत्या. तुमी न उचललेल्या. शिवकन्या, मंगळवार, एक वाजून चार मिनिटं. शिवकन्या, सोमवार, एक वाजून सात. शनिवार-रविवार न्हाई. शुक्रवार, एक वाजून तीन." तिनं यादी वर सरकवली, ती सरकतच राहिली. "सगळ्या शिवकन्येच्याच हायत्या. रोज दुपारी एक वाजता."

"किती?"

"मोजू कशा? गेल्या दिवाळीच्या मागं अजून जायल्यात."

आधी आप्पारावांना राग आला, आणि तो लेकीचाच आला. येडी हाय का ही? एक दिवस उचलला न्हाई, दोन दिवस उचलला न्हाई, म्हंजे कळत कसं न्हाई? दुपारी एकला घरात कोण असतं? सगळी रानात. मग पप्पूचा राग आला. दर सणाला हे त्यानं बघितलं असणार आणि आंगठ्यानं बाजूला सारलं असणार. मग ट्रंकेचा, त्या परकराचा, झुंबरबाईच्या कुलपाचा. एकेकाला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या आणि मग घालायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांना आठवलं.

टॅब आल्या-आल्याची गोष्ट. पहिला महिना तो दिवळीत उघडाच असायचा. पाऊस होता, म्हणून ते दुपारी घरी होते, आणि शिवकन्येचा फोन आला. "आप्पा, हा बाहेरच ठेवत जा. मी दुपारी लावत जाईन." आणि ते खेकसले होते, "आमाला कामंधामं न्हाईत का? सणावारी लावत जा." हे त्यांचेच शब्द. झुंबरबाईनं टॅब ट्रंकेत ठेवला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी.

धम्मशीलानं डबा काढला होता, पण त्यांचं तोंड बघून तिनं झाकण पुन्हा लावलं. "मी बी रोज दुपारी माझ्या आईला लावते," ती म्हणाली. "काम काही नसतं. नुसतं लावून ठेवते आन जेवते. एकटीला घास उतरत न्हाई तिकडं."

आप्पारावांनी लाह्यांचा डबा उघडला. वर ठेवलेलं धपाटं काढून तिच्या हातावर ठेवलं. "खा," ते म्हणाले. "आता मी बसलोय न्हवं शेजारी."

बंगलोरला उतरल्यावर धम्मशीलानं त्यांना बाहेरच्या दारापर्यंत आणून सोडलं आणि ती गर्दीत निघून गेली. टॅब पुन्हा गोधडीत होता. सुई नव्हती, म्हणून आप्पारावांनी तेवढ्या कोपऱ्याला टॉवेल करकचून आवळला होता. कठड्यापलीकडं शिवकन्या उभी होती. गळ्यात कंपनीचं कार्ड, केस कापलेले, चार वर्षांत गाल बसलेले. टॅबमध्ये हे कधी दिसलं नव्हतं. टॅबमध्ये ती नेहमी खांद्यापर्यंत असायची आणि हसत असायची.

ती पाया पडली. तिनं गोधडीकडं बघितलं, टॉवेलच्या गाठी बघितल्या, आणि ओठ दाबून हसली. "आईनं टॅब शिवून दिला का काय?"

"शिवला व्हता. मी फाडला."

"आन आणला कशाला पण? मी तुमाला कशावर बघू मग?"

हीच ती जागा होती. घोकलेलं भाषण इथंच म्हणायचं होतं. हे घे तुझं माहेर. पण भाषण रानातच राहिलं. "मी मुराळी आलोय," एवढंच ते बोलले. "पंचमीला तीन दिवस हायत. तुला न्यायला आलोय."

शिवकन्येनं मान खाली घातली. "आप्पा, तुमी आलाव हेच लय झालं. चार दिवस ऱ्हा माझ्याकडं. पण मला सुट्टी न्हाई. सारखं काम चाललंय. आन आता सवय झालीय, टॅबवर बघेन की पंचमी."

झालं! एवढं विमान, एवढी कटकट, करदोडा दाखवला, सुई गेली, आणि शेवटी टॅबच! दुसरा कुठला दिवस असता तर आप्पारावांनी तिथंच आकांडतांडव केलं असतं. त्यांच्या तोंडात शब्द आलेही होते. पण बाहेर पडले ते वेगळेच.

"रोज एक वाजता कुणाला फोन लावायलीस तू?"

शिवकन्या दचकली. गळ्यातलं कार्ड तिनं मुठीत धरलं.

"कुणी उचलायचं न्हाई, तरी रोज लावायलीस. का उचलायचं न्हाई म्हाईत हाय का? टॅब ट्रंकेत असायचा. बंद."

"म्हाईत व्हतं," ती म्हणाली.

"काय म्हाईत व्हतं?"

"बंद असायचा ते. लावल्यावर कळतं आप्पा, तिकडं वाजतंय का न्हाई ते. एकदा बी वाजत नसायचा."

"मग कशाला लावायलीस?" आप्पारावांचा आवाज चढला. कठड्याजवळची दोन-तीन माणसं वळली.

शिवकन्येनं मुठीतलं कार्ड सोडलं. मग एकदम बोलायला लागली, आणि तिची कंपनीतली भाषा गळून पडून गावाकडची बोली वर आली. "तुमी तोडीला जायचेव, तवा मी सेलूच्या वसतिगृहात असायची. दर रविवारी पोरींना भेटायला माणसं यायची. मला ठाऊक असायचं की तुमी कारखान्यावर हाव, चैताशिवाय येणार न्हाईत. तरी मी रविवारी फणी करून, तोंड धुऊन दाराच्या पायरीवर जाऊन बसायची. बाई म्हणायच्या, आत ये ग, तुझं कुणी येणार न्हाई. तरी बसायची. का बसायची, मला सांगता येत न्हाई. तसंच हाय हे."

 आप्पारावांनी काखेतली गोधडी खाली टाकली, पसरली, आणि त्या चकाचक फरशीवर, दाराच्या बरोबर समोर, फतकल मारून तिच्यावर बसले. माणसं बॅगा ओढत त्यांना वळसा घालायला लागली.

"आप्पा! काय करायलाव? उठा!"

"न्हाई उठत."

"गाडी उभी हाय तिकडं. घरी चला."

"तू जा. तुझं काम उरक. मी बसतो हितं. तुला सुट्टी गावली की ये. आज न्हाई गावली तर उद्या ये. मला बी कळू दी बसायचं कसं असतं ते."

"लोकं बघायलेत आप्पा!"

"बघू दी! तू बसायचीस तवा काय बघत नव्हते?" एवढं म्हणताना त्यांचा आवाज फुटला. त्याचाही त्यांना राग आला, आणि टॉवेलाच्या टोकानं त्यांनी तोंड खसाखसा पुसलं. "बाप येणार न्हाई हे म्हाईत असून लेक पायरीवर बसायची, आन मी तिला फोनवर सांगतोय, रस्ता म्हाईतच हाय तुला. काय माणूस हाय का मी?"

एक गणवेशवाला लांबून त्यांच्या दिशेनं चालत यायला लागला. शिवकन्येनं त्याच्याकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. आणि ऑफिसच्या कपड्यानिशी, गळ्यातल्या कार्डासकट, ती गोधडीवर आप्पारावांना खेटून बसली. गणवेशवाला लांबच थबकला. तिनं बापाच्या खांद्याला डोकं टेकवलं, आणि त्यांच्या शर्टाला येणारा शेंगदाण्याच्या चटणीचा वास घेत राहिली.

"आईनं झोका बांधला का?" तिनं विचारलं.

"कवाच बांधला. मी निघायच्या आदी."

शिवकन्येनं डोळे पुसले आणि हात पुढं केला. "द्या तो टॅब इकडं."

"कशाला आता त्याला?"

"सुट्टीचा अर्ज टाकते. मिळाली न्हाई तर बघते मग त्यांच्याकडं. आन तिकिटं काढते."

आप्पारावांनी टॉवेलाची गाठ सोडायचा प्रयत्न केला. स्वतःच आवळलेली गाठ, ती कशाची सुटते! शेवटी तिला दात लावला. टॅब बाहेर आला, बुरं झटकली, आणि शिवकन्येची बोटं त्यावर भराभर चालायला लागली. आप्पाराव मान वाकडी करून बघत होते.

"दोन काढ," ते म्हणाले. "शेजारी-शेजारी. आन कागदावर छापून घे, माझे दात आता संपले."

"आन हा टॅब? हितंच ठेवू का?"

"न्हाई," आप्पाराव म्हणाले. "येताना घेऊन चल. दिवळीत ठेवीन, उघडा. पंचमी झाली की रोज एक वाजता मी घरी जेवायला येत जाणार हाय."